अलेक्झांड्रिया : शहराशी निगडित व्यक्ती

ईजिप्तच्या भूमध्य किनाऱ्यावरील हे बंदर अलेक्झांडरने इ.स.पू. ३३१ मध्ये वसवले. अरबीत त्याला अल्-इस्कंदरिया म्हणतात. मारेओटिस सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर डायनोक्रॅटीस या वास्तुकाराने रस्ते आखले. अलेक्झांडर स्वतः हे शहर उभे राहिलेले पाहू शकला नाही. त्याच्या मागून टॉलेमी घराण्याने राजधानी इथे आणली आणि तिथून पुढे या गावाशी जोडलेल्या माणसांची यादी सुरू होते.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘अलेक्झांड्रियाचा’ हे बिरुद बहुतेक वेळा जन्मगाव सांगत नाही, कामाची जागा सांगते. ग्रंथपाल झेनोडोटस इफेससचा, कॅलिमेकस आणि एराटोस्थेनीस दोघेही सायरीनीचे, शरीरशास्त्रज्ञ हिरोफिलस कॅल्सिडनचा, होमरच्या संहितेचा संपादक ॲरिस्टार्कस सॅमोथ्रेस बेटावरचा. राजाने म्यूझियम ही विद्वानांची संस्था काढली, राहण्याजेवणाची सोय केली, शेजारी ग्रंथालय उभारले आणि माणसे आली. राजाची मर्जी फिरली की ती गेलीही. इ.स.पू. १४५ च्या सुमारास आठव्या टॉलेमीने विद्वानांना हाकलले. ॲरिस्टार्कसलाही शहर सोडावे लागले.

ग्रंथालयाची माणसे : कॅलिमेकसने ‘पिनाकेस’ ही लेखक व ग्रंथांची सूची १२० गुंडाळ्यांत तयार केली. विषयवार वर्ग, त्यात लेखकाची थोडक्यात माहिती, ग्रंथाची पहिली ओळ आणि एकूण ओळींची संख्या, अशी तिची मांडणी होती. पहिली ओळ देण्याचे कारण व्यावहारिक आहे : पुष्कळ गुंडाळ्यांना ठरलेले शीर्षकच नसे. एवढे करूनही कॅलिमेकस मुख्य ग्रंथपाल नव्हता. ईजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन गावी मिळालेल्या पपायरसवरील ग्रंथपालांच्या यादीत त्याचे नाव नाही.

एराटोस्थेनीस मात्र ग्रंथपाल होता. पृथ्वीचा परीघ त्याने काढला तो असा. उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी, भर दुपारी, सायीनी (आजचे आस्वान) येथे सूर्य डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. त्याच वेळी अलेक्झांड्रियात अर्धगोल वाडग्याच्या तळाशी उभ्या केलेल्या सुईची सावली पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे ७ अंश १२ कला भरते. दोन गावांतले अंतर ५,००० स्टेडिया (ग्रीक अंतरमाप, एकवचन स्टेडियम) धरले, की ५० ने गुणून परीघ २,५०,००० स्टेडिया येतो. पुढे तो २,५२,००० केला गेला. त्यामुळे एका अंशाला बरोबर ७०० स्टेडिया बसतात आणि पुढचा हिशेब सोपा होतो. यात कच्चे दुवे तीन. सायीनी नेमकी कर्कवृत्तावर नाही, थोडी उत्तरेला आहे. दोन्ही गावे एका रेखावृत्तावर नाहीत, सायीनी सुमारे ३ अंश पूर्वेला पडते. आणि ५,००० हा आकडा गोळाबेरजेचा आहे. त्याचा स्टेडियम किती मीटरचा हे ठरलेले नसल्याने ‘अमुक टक्के अचूक’ ही विधाने जपून घ्यावीत. पद्धत मात्र निर्दोष आहे, आणि तीच महत्त्वाची.

कारागीर : टेसिबियस हा खरा गावकरी, न्हाव्याचा मुलगा. बापाच्या दुकानातला आरसा वरखाली सरकावा म्हणून त्याने दोरीला शिशाचा गोळा बांधून तो नळीत सोडला. गोळा उतरताना नळीतली हवा दाबली जाऊन बाहेर पडताना आवाज करी. त्यातून त्याला दाबलेल्या हवेचे तत्त्व उमगले, असे रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस सांगतो. दोन नळकांड्यांचा, दट्ट्या व झडपा असलेला पंप आणि पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन ही त्याची कामे. त्याचे जलघड्याळ जवळून पाहण्यासारखे आहे. साध्या जलघड्याळात पाणी कमी होत जाते तशी धार मंदावते आणि वेळ चुकते. आपल्याकडचे घटिकापात्र बुडणारे असल्याने त्याला ही अडचण येत नाही. टेसिबियसच्या घड्याळात मात्र पाणी भोकातून वाहत असे. म्हणून भांड्यातली पातळी कायम राखणे आले. भोकही त्याने सोन्यात किंवा रत्नात पाडले, कारण ही द्रव्ये पाण्याने झिजत नाहीत आणि त्यांत घाण साचून भोक बुजत नाही.

त्याच परंपरेतल्या हीरोचा काळ इ.स. ६२ च्या चंद्रग्रहणाच्या उल्लेखावरून ठरवतात. देवळातले तीर्थ देणारे त्याचे यंत्र नाण्यावर चाले. पाच ड्राक्मांचे नाणे तरफेच्या चपट्या टोकावर पडले की दुसरे टोक उचलून झाकण उघडे. नाणे घसरून खाली गेले की झाकण मिटे.

टॉलेमी : क्लॉडियस टॉलेमी हा खगोलशास्त्रज्ञ टॉलेमी राजांपैकी नव्हे. ही गल्लत मध्ययुगीन चित्रांतही दिसते. त्यांत त्याच्या डोक्यावर मुकुट असतो. तो इ.स. दुसऱ्या शतकातला, रोमन अमलाखालचा. ‘अल्माजेस्ट’ या त्याच्या खगोलग्रंथाच्या १३ खंडांत अर्ध्या अर्ध्या अंशाच्या अंतराने वर्तुळातल्या जीवांचे (परिघावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषांचे) कोष्टक आणि हजाराहून अधिक ताऱ्यांची यादी आहे.

मराठी वाचकाला त्याचा ‘भूगोल’ अधिक जवळचा वाटेल. त्यात सुमारे ८,००० स्थळांचे अक्षांश-रेखांश आहेत आणि त्यांत बैथन (पैठण), तगर (तेर), नासिक व सिमिल्ला (चौल) येतात. बैथन ही ‘सिरो पोलेमाइओस’ याची राजधानी, असे तो लिहितो. हा सातवाहन राजा श्री पुळुमावी. ओझीनी म्हणजे उज्जैन, तिथे ‘टिआस्टेनीस’ म्हणजे क्षत्रप चष्टन. दोन्ही राजे त्याच्याच काळाच्या आसपासचे, म्हणून सातवाहनांचा कालक्रम लावताना ही नोंद मोलाची ठरते. नकाशा मात्र बिघडलेला आहे. भारताचे द्वीपकल्प जवळजवळ गायब, किनारा पूर्वेकडे आडवा पसरलेला आणि श्रीलंका अवाढव्य. एक कारण असे, की अंतरे खलाशी-व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून घेतलेली होती. दुसरे असे, की त्याने एराटोस्थेनीसचा परीघ सोडून १,८०,००० स्टेडिया हा लहान आकडा धरला. अंश आखूड झाला, त्यामुळे पूर्वेकडची अंतरे अंशांत फुगली.

इथेच लिहिलेला युक्लिडचा भूमितीचा ग्रंथ आणि ‘अल्माजेस्ट’ हे दोन्ही अठराव्या शतकात सवाई जयसिंगांच्या दरबारी जगन्नाथ सम्राट यांनी अरबीवरून संस्कृतात आणले.

थीऑन व हायपेशिया : युक्लिडची जी संहिता शतकानुशतके वाचली गेली ती चौथ्या शतकातल्या थीऑनने संपादलेली. त्याआधीच्या संहितेचे हस्तलिखित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी व्हॅटिकनच्या संग्रहातून उजेडात आले. थीऑनची मुलगी हायपेशिया गणित व तत्त्वज्ञान शिकवी. तिचा शिष्य सायनेसियस एका पत्रात तिच्याकडे द्रवाचे वजन मोजणारे उपकरण मागतो : बासरीएवढी नळी, अंगावर खाचा, खालच्या टोकाला शंकूच्या आकाराचे वजन. मार्च ४१५ मध्ये ख्रिस्ती जमावाने तिची हत्या केली. ईजिप्तचा रोमन प्रशासक ओरेस्टीस आणि बिशप सिरिल यांच्या संघर्षात तिचा बळी गेला. तिच्या मृत्यूशी ग्रंथालयाच्या नाशाची गाठ घालणे चूक आहे. सीझरच्या वेळची आग (इ.स.पू. ४८), तिसऱ्या शतकातल्या लढाया आणि सेरापिअम देवळाचा विध्वंस (३९१) हे सगळे तिच्या आधीचे.

धर्मपुरुष : ज्यू तत्त्वज्ञ फिलो, ओरिजेन, ‘पुत्र (म्हणजे येशू ख्रिस्त) निर्मित आहे’ म्हणणारा एरियस आणि त्याचा कट्टर विरोधक अथनेशियस हे याच शहरात वावरले. बायबलच्या नव्या कराराचे आजचे २७ ग्रंथ नेमके तेवढेच सांगणारी पहिली ज्ञात यादी अथनेशियसच्या ३६७ मधल्या ईस्टर-पत्रात आहे. इस्लामी काळातही बाहेरून येण्याची रीत सुटली नाही. गावाचा लाडका सूफी अबुल अब्बास अल्-मुर्सी (मृत्यू १२८७) स्पेनमधल्या मुर्सियाचा. इब्न बतूता १३२६ मध्ये इथे आला, तेव्हा बुऱ्हानुद्दीन या साधूने त्याला हिंदुस्थान, सिंध व चीनमधल्या आपल्या बंधूंना भेटायला सांगितले. हाच प्रवासी पुढे दौलताबादला पोहोचला आणि तिथल्या मराठ्यांविषयी त्याने लिहून ठेवले.

आधुनिक काळ : ग्रीक कवी कवाफी २९ एप्रिल १८६३ ला इथे जन्मला आणि १९३३ मध्ये त्याच तारखेला इथेच वारला. सुमारे तीस वर्षे त्याने पाटबंधारे खात्यात कारकुनी केली. विक्रीसाठी संग्रह त्याने कधी काढला नाही. कविता सुट्या पानांवर छापून घ्यायच्या, टाचून स्नेह्यांना द्यायच्या, नंतर सुचलेली दुरुस्ती हाताने करायची, अशी त्याची पद्धत होती. म्हणून त्याच्या एकाच कवितेच्या दोन छापील प्रतींत फरक सापडतो. त्याचे घर आता संग्रहालय आहे. इटालियन कवी उंगारेत्ती, इतिहासकार एरिक हॉब्सबॉम, नट ओमर शरीफ यांचाही जन्म इथलाच. संगीतकार सय्यद दरवीश (१८९२–१९२३) कोम अल्-दिक्का मोहल्ल्यातला. ईजिप्तच्या आजच्या राष्ट्रगीताची चाल त्याची.

गमाल अब्दुल नासर यांचा जन्मही याच शहरातला (१९१८). २६ जुलै १९५६ ला मन्शिया चौकातल्या भाषणात त्यांनी सुएझ कालवा काढणाऱ्या ‘द लेसेप्स’ याचे नाव उच्चारले. कालव्याची कार्यालये ताब्यात घेण्याची ती खूण होती. त्यानंतरच्या काही वर्षांत ग्रीक, इटालियन आणि ज्यू कुटुंबे मोठ्या संख्येने शहर सोडून गेली. रसायनशास्त्राचे नोबेल (१९९९) मिळवणारे अहमद झेवाइल शिकले अलेक्झांड्रिया विद्यापीठात. जन्माने मात्र तेही जवळच्या दमनहूरचे.