कोपरदुखीचे व्यायाम आले कुठून?

रॅकेट, बॅट, दोर किंवा क्लाइंबिंगची कडा तासन्‌तास घट्ट धरणाऱ्याचे कोपर दुखू लागले की हमखास सल्ला मिळतो: चेंडू दाब, पकड मजबूत कर. हा सल्ला नेमका कुठे चुकतो, ते कळायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या या दुखण्याची नोंद १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टराने केली, तीही लिहिणाऱ्यांच्या हाताविषयी. लॉन टेनिसचे पेटंट वॉल्टर विंगफिल्डने घेतले १८७४ मध्ये. खेळ झपाट्याने पसरला आणि १८८३ पर्यंत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ‘लॉन टेनिस एल्बो’ हे नाव छापूनही आले. नाव चिकटले ते चिकटलेच. प्रत्यक्षात हे दुखणे असणारे बहुतेक जण टेनिस खेळणारे नसतात.

उपचारांची दिशा मात्र दुसऱ्याच एका शब्दाने बिघडवली: एपिकाँडिलायटिस, म्हणजे हाडाच्या उंचवट्याचा दाह. दाह म्हटला की विश्रांती, पट्टा, पुढे स्टेरॉइडचे इंजेक्शन हे ओघानेच आले. १९७९ मध्ये अमेरिकी सर्जन रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ऊतक तपासले. खराब झाली होती ती मनगट मागे वळवणाऱ्या एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस या स्नायूची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा चिवट दोर. तिचे तंतू विस्कटलेले, नको तिथे नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवलेल्या, पण दाहाच्या पेशी जवळजवळ नाहीत. झिजलेल्या, नीट न भरून आलेल्या कंडरेचे हे चित्र होते. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात १९८ रुग्णांवर झालेल्या चाचणीने इंजेक्शनचीही परीक्षा घेतली. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सर्वांच्या पुढे होते. वर्षअखेर फिजिओथेरपी घेतलेल्यांच्या मागे पडले.

आता चेंडूकडे वळू. बोटे मिटवणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असतात. पण मूठ आवळताना मनगट आत दुमडू नये म्हणून बाहेरच्या बाजूचे स्नायू ते मागे ओढून धरतात; पकड सर्वांत जोरदार असते ती मनगट साधारण ३५ अंश मागे असताना. म्हणजे प्रत्येक पकडीचा हिशोब बाहेरच्या कंडरेच्याही खात्यावर पडतो. चेंडू दाबल्याने आतली, आधीच दणकट असलेली बाजू आणखी दणकट होते आणि बाहेरच्या कंडरेला तोच जुना ताण पुन्हा मिळतो.

व्यायामाचा खरा धागा टाचेकडून आला. १९८० च्या दशकात कॅनडातील स्टॅनिश आणि कर्विन यांनी कंडरेला विश्रांतीऐवजी मोजका भार द्यायला सुरुवात केली. भर होता स्नायू लांबत असताना भार पेलण्यावर, म्हणजे एक्सेन्ट्रिक पद्धतीवर. १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी टाचेमागच्या अकिलीस कंडरेसाठी प्रत्येकी १५ वेळांचे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे असा कार्यक्रम दिला. पुढे कोपराच्या तक्त्यांतही दिसणारे ‘१५ चे ३’ हे या टाचेच्या कार्यक्रमाशी जुळणारे.

२०१० मध्ये न्यूयॉर्कच्या टिमथी टायलर आणि सहकाऱ्यांनी लवचिक रबरी दांड्याने हेच कोपरासाठी सोपे केले. दुखऱ्या हाताने दांडा उभा धरायचा, मनगट पूर्ण मागे. दुसऱ्या हाताने वरचे टोक पकडून दांडा पिळायचा. पीळ तसाच ठेवून दोन्ही कोपरे समोर सरळ करायची आणि मग फक्त दुखरे मनगट हळूहळू, सुमारे ४ सेकंदांत, पुढे झुकू द्यायचे. १५ चे ३ सेट, मध्ये ३० सेकंद थांबून, रोज. इथे हमखास होणारी चूक म्हणजे दुखऱ्या हातानेच पीळ भरणे. मग एक्सेन्ट्रिक टप्प्याआधीच तो स्नायू दमतो. दुसरी चूक दांडा सटकन सोडण्याची, त्यात भार पडतच नाही. आतल्या बाजूच्या दुखण्यासाठी, म्हणजे गोल्फर्स एल्बोसाठी, याच गटाने २०१४ मध्ये उलट दिशेचा पीळ मांडला.

दांडा नसेल तर हात टेबलावर, तळवा खाली, मनगट काठाबाहेर. १ ते २ किलोचे डंबेल दुसऱ्या हाताने वर न्यायचे आणि ३-४ सेकंदांत खाली सोडायचे. सुरुवात कोपर वाकवून करावी, कारण सरळ कोपरात ती कंडरा जास्त ताणली जाते. मनगट कडेला वाकू लागले तर वजन जास्त आहे. जोडीला पाच बोटांभोवती रबरबँड घालून ती उघडायची.

एक्सेन्ट्रिकबद्दलचा सुरुवातीचा आग्रह आता सैल झाला आहे. २०१५ मध्ये डेन्मार्कमधील चाचणीत अकिलीससाठी संथ, जड, वर-खाली दोन्ही टप्प्यांचा व्यायाम तितकाच उपयोगी ठरला, तोही आठवड्यातून तीनदाच. कोपर अजून दुखत नसेल त्या खेळाडूलाही हीच लय सोयीची: आठवड्यातून तीन दिवस, खेळानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी. खेळाआधी केल्यास मनगट धरून ठेवणारे स्नायू दमलेले असताना मैदानात उतरावे लागते. व्यायामात दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेला कप उचलताना कालच्यापेक्षा जास्त कळ आली, तर वजन कमी करावे.