‘खाली बस’ म्हटल्यावर मुलं जास्त का उठतात?

पहिलीच्या एका वर्गात दोन शिक्षक मिळून शिकवत होते आणि मुलं सारखी जागेवरून उठत होती. संशोधकांनी त्या दोघांना सांगितलं, की काही दिवस ‘खाली बस’ म्हणायचं प्रमाण मुद्दाम वाढवा. ते वाढलं तसं उठणंही वाढलं. प्रमाण पहिल्याइतकं केल्यावर उठणं उतरलं. शेवटी बसून काम करणाऱ्या मुलांना शाबासकी द्यायला सांगितलं, तेव्हा कुठे ते खऱ्या अर्थाने कमी झालं. चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अमेरिकेतला अभ्यास १९६८ सालचा.

यातली गोम अशी, की ‘खाली बस’ म्हटल्यावर मूल बसतंच. शिक्षकाला दिसतं ते एवढंच: सांगितलं आणि काम झालं. थोड्या वेळाने मूल पुन्हा उठतं, पण तो शिक्षकाला नवा प्रसंग वाटतो. मुलाला मिळतं शिक्षकाचं लक्ष, शिक्षकाला मिळते क्षणभराची शांतता. दोघांनाही हातोहात मोबदला मिळाल्यामुळे दोघंही तेच पुन्हा करतात. ओरडण्याची सवय मोडायला अवघड जाते ती यामुळेच. ओरडणं लगेच उपयोगी पडतं आणि त्याची किंमत उशिरा कळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी वर्गांचं चित्रीकरण करून दुसऱ्या बाजूने शोध घेतला. ज्यांचा वर्ग सुरळीत चालतो ते शिक्षक दंगा झाल्यावर काय वेगळं करतात? १९७० मध्ये त्यांनी मांडलेलं उत्तर होतं: जवळजवळ काहीच नाही. रागावण्याच्या पद्धतीवरून, कडकपणावरून चांगला वर्ग ओळखता येईना. फरक होता तो दंग्याच्या आधी शिक्षक काय करतो यात. वर्गात काय चाललंय याची त्याला सतत खबर असते आणि ती आहे हे मुलांनाही जाणवतं. त्याच्या हातून दोन चुका क्वचितच होतात. खोडी एकाची आणि रागावलं दुसऱ्याला, ही पहिली. कुजबुज चार बाकांवर पसरल्यावर जागं होणं, ही दुसरी.

ही खबर ठेवणं बरंचसं अंगाच्या सवयीवर अवलंबून असतं. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ करू नये, तिरकं उभं राहावं. एका मुलाची वही तपासताना बाकीचा वर्ग नजरेत राहील अशा बाजूने वाकावं. बाकांमधून फिरताना क्रम ठरलेला नसावा, नाहीतर मागच्या बाकाला आपली पाळी कधी येणार हे आधीच कळतं. आणि बाकं अशी लावावीत, की कुठल्याही मुलापर्यंत दुसऱ्या कुणाला न उठवता पोचता येईल. मुलांना एकेकट्याने काम करायचं असेल तर ओळींची मांडणी बरी, चर्चा हवी असेल तर गोल किंवा गट. गटात बसवून ‘बोलू नका’ म्हणणं हा मात्र मुलांवर अन्याय आहे.

दंगा सांध्यांवर होतो

तासाच्या मधोमध, काम रंगात असताना, दंगा फारसा होत नाही. तो होतो एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या फटीत. वह्या वाटताना, पुस्तकं काढताना, जागा बदलताना. म्हणून ही फट जितकी लहान, तितकं पुढचं सोपं.

कौनिन यांनी इथल्या ठरावीक चुकाही नोंदल्या आहेत. गणित संपलं असं जाहीर करायचं, भाषेची पुस्तकं काढायला लावायची आणि मग ‘अरे हो, तिसऱ्या उदाहरणाचं उत्तर काय आलं?’ म्हणून मागे जायचं. किंवा सगळ्यांनी एकदम करता येण्याजोगं काम एकेकाला बोलावून करून घ्यायचं. एक मूल वही द्यायला येतं तेव्हा बाकीच्या सगळ्यांना करायला काही उरत नाही.

बदल करायचा तो असा. आधी सगळ्यांचं लक्ष मिळवा, त्यासाठी एकच ठरलेली खूण ठेवा: हात वर करणं किंवा दोन टाळ्या. गोंगाटावर आवाज चढवून सूचना दिली, तर सूचना गोंगाटातही दिली जाते एवढंच मुलं शिकतात. शांतता झाल्यावर एका वेळी एक सूचना, छोट्या वाक्यात आणि करायची कृती सांगणारी: ‘पान २४ उघडा.’ ‘आपण पुस्तकं उघडूया का?’ असं विचारू नका, त्याला ‘नको’ हे प्रामाणिक उत्तर असतं. सूचना दिल्यावर पाच सेकंद गप्प राहा. बहुतेकांना हे पाच सेकंद फार जड जातात आणि सूचना तीनदा सांगितली जाते. मग पहिल्या दोन ऐकायची गरज नाही, हा धडा मुलं चटकन घेतात.

प्रश्न विचारल्यावरही हेच. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात मोजून दाखवलं, की शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली.

नियम तीन ते पाच पुरेत. पण भिंतीवर लावलेल्या नियमांनी स्वतःहून काही होत नाही. मॅडसन आणि बेकर यांच्याच १९६८ च्या दुसऱ्या अभ्यासात नुसत्या नियमांचा परिणाम जवळजवळ दिसला नाही, तो दिसला चांगल्या वागण्याचं कौतुक सुरू झाल्यावर. रांग लावणं, गट करणं यांसारख्या गोष्टी पाढ्यांसारख्याच शिकवाव्या लागतात. आधी करून दाखवायचं, मग करून घ्यायचं, चुकलं तर न चिडता पुन्हा. लांब सुट्टीनंतर सगळी उजळणी परत.

कौतुक, दुर्लक्ष आणि हळू आवाज

‘छान’, ‘शाबास’ एवढ्याने मुलाला काय छान होतं ते कळत नाही. ‘शेजारचा बोलत असतानाही तू उदाहरण पूर्ण केलंस’ हे कळतं. दंगेखोर मुलाच्या बाबतीत संधी शोधावी लागते. ते दहा मिनिटं नीट बसलं तर शिक्षक मनात ‘सुटलो’ म्हणतो आणि दुसरीकडे वळतो. नेमका तोच क्षण बोलायचा असतो. मोठ्या वर्गातल्या मुलांना मात्र सगळ्यांदेखत कौतुक नको असतं, मित्रांत त्याची थट्टा होते. त्यांना जाता जाता हळूच सांगावं किंवा वहीत एक ओळ लिहावी.

बक्षिसांबद्दल सावध राहिलेलं बरं. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की आवडीने चित्रं काढणाऱ्या लहान मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं तर नंतर मोकळ्या वेळात ती चित्रं कमी काढतात. जे मूल एरवीही करतंच आहे, त्याला बक्षीस लावू नये. जे अजून सुरूच होत नाही, तिथे थोडे दिवस चालेल. त्यातही विकतच्या वस्तूपेक्षा आवडीचं काम बरं: आधी पाच उदाहरणं, मग पाच मिनिटं कोडी.

दुर्लक्ष करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्रास फसतो. खोडीला दाद शिक्षकाऐवजी वर्गमित्रांकडून मिळत असेल, तर शिक्षकाच्या दुर्लक्षाने काहीच होणार नाही. शिवाय मिळणारं लक्ष थांबलं की सुरुवातीला खोडी वाढते. पूर्वी पेन्सिल वाजवणारं मूल आता बाक वाजवतं. इथे हार मानून रागावलं, तर जास्त जोर लावल्यावर लक्ष मिळतं हे पक्कं होतं. टिकून राहता येणार नसेल, तर दुर्लक्ष सुरूच करू नये. मारामारी, चिडवणं, कुणाला इजा होईल असं काही यांना हा उपाय कधीच नाही.

रागवावं लागतंच. ते कसं, याचं एक साधं उत्तर डॅनियल ओ’लिअरी आणि सहकाऱ्यांच्या १९७० च्या अभ्यासात आहे: त्या एकाच मुलाला ऐकू जाईल इतक्या हळू. मोठ्याने रागावण्यापेक्षा त्याने त्रासदायक वागणं कमी झालं. जवळ जा, शेजारी उभे राहा, नाव घेऊन काय करायचं ते सांगा (‘समीर, दुसरं उदाहरण लिही’) आणि लगेच पुढे चला. उत्तराची वाट बघत समोर ठाकलं, की प्रेक्षक जमतात आणि मुलाला माघार घ्यायला वाट राहत नाही. मूल पुटपुटत का होईना, पण लिहू लागलं, तर ते पुटपुटणं सोडून द्यावं.

संपूर्ण वर्गच विस्कटलेला असेल, तर गटांचा खेळ उपयोगी पडतो. १९६९ मध्ये चौथीच्या एका वर्गात तो पहिल्यांदा तपासला गेला. वर्गाचे दोन गट करायचे, नियम मोडला की फळ्यावर त्या गटाच्या नावाखाली एक रेघ. पाचपेक्षा जास्त रेघा नसतील तर दोन्ही गट जिंकू शकतात, आणि ही अट महत्त्वाची आहे. एकच गट जिंकणार असेल तर हरणारा गट मधेच सोडून देतो. जिंकणाऱ्यांना जेवायला आधी जाणं, शेवटी मोकळा वेळ, असं काहीतरी. सुरुवात दहा-पंधरा मिनिटांपासून करावी. एखादं मूल मुद्दाम गटाला बुडवत असेल, तर त्याचा वेगळा एकट्याचा गट करावा, म्हणजे बाकीचे त्याच्यावर तुटून पडत नाहीत.

तेच मूल, तोच त्रास

एवढं करूनही एक-दोन मुलं उरतात. इथे कडक शिक्षेकडे वळण्याआधी आठवडाभर तीन रकान्यांची नोंद ठेवावी: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर त्याला काय मिळालं. सोबत वेळ आणि विषय. ‘उद्धटपणा केला’ ही नोंद नव्हे, ‘वही जमिनीवर टाकली’ ही नोंद. दहा-बारा प्रसंग जमले, की बहुधा आकार दिसतो. काही मुलांना लक्ष हवं असतं, काहींना कामातून सुटका.

दुसऱ्या प्रकारात वर्गाबाहेर उभं करणं हे चक्क बक्षीस ठरतं. मोठ्याने वाचनाची पाळी येण्याआधी दंगा करणारं मूल बाहेर जातं आणि वाचन टळतं. त्याला आदल्या दिवशी उतारा द्यावा, दोनच वाक्यं वाचायला सांगावीत, आणि अडलं तर दंगा करण्याऐवजी वापरायची खूण शिकवावी, उदाहरणार्थ बाकाच्या कोपऱ्यावर ठेवायचं लाल कार्ड. कार्ड ठेवताच मदत मिळालीच पाहिजे, निदान पहिले काही आठवडे. लक्ष हवं असणाऱ्या मुलाशी मात्र तास सुरू होतानाच, त्याने मागायच्या आधी, अर्धा मिनिट बोलावं.

नोंदीत कुठलाच आकार दिसत नसेल किंवा वागणं अचानक बदललं असेल, तर पालकांशी बोलून डोळे, कान आणि झोप आधी तपासून घ्यावी. फळा न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि बडबड्या ठरतं. वाक्याच्या मध्येच थांबून काही सेकंद शून्यात बघणारं, हाक मारूनही न हलणारं आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू करणारं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं. तो फिट्सचा एक प्रकार असू शकतो. असं किती वेळा आणि किती सेकंद होतं हे लिहून पालकांकडे द्यावं, डॉक्टरांना ते लागतं.