तारा आधी कापू नका

आरे-वारेच्या चढावर माझ्या सायकलचा मागचा एक्सल तुटला तेव्हा आवाज फारसा झालाच नाही. सुकी काटकी मोडावी तेवढाच. मग चाक डुलायला लागलं, ब्रेकचं रबर रिमला घासायला लागलं, आणि मी उतरून समुद्राकडे बघत उभा राहिलो. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणारा हा किनाऱ्याचा रस्ता दिसायला जितका देखणा, तितकाच चढायला खाष्ट.

चाक तसंही शेवटच्या घटका मोजत होतं. समुद्राच्या वाऱ्यावर उभ्या असलेल्या सायकलची रिम बघा, तारांच्या भोकांपाशी बुरशीसारखी पांढरी पूड दिसेल. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तोच धातूला सांभाळतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड आयन हा थर जागोजागी फोडतात आणि खाली बारीक खड्डे पडत जातात. तेव्हा नुसता एक्सल बदलण्यापेक्षा अख्खं चाकच नवं घ्यावं असं ठरवलं. सव्वीस इंची चाक, त्यात एवढं काय बघायचं?

बघायचं होतं. सुरुवात त्या ‘सव्वीस’पासूनच. याच नावाने विकल्या जाणाऱ्या एका टायरची बसण्याची कड ५५९ मिमी व्यासाची असते, दुसऱ्याची ५९०. आपल्या जुन्या काळ्या सायकलचं अठ्ठावीस इंची चाक ६३५ मिमीचं, तर हल्लीच्या हायब्रिड सायकलचं, तेही अठ्ठावीसच म्हणवून घेणारं, ६२२ मिमीचं. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत ५०-५५९ असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातला दुसरा आकडा खरा, इंच हे नुसतं बोलायचं नाव. एवढं मी बघितलं होतं. फ्रेमच्या ज्या मागच्या चिमट्यात चाक बसतं त्याची आतली जागाही पट्टीने मोजली होती, ती भरली १३५ मिमी. पोलादी फ्रेम जाणता माणूस दोन-चार मिलिमीटर फाकवून घेऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तो प्रयोग करू नये, ती वाकत नाही, तडकते.

चाक ऑनलाइन मागवलं. ते यायला चार दिवस होते, म्हणून जुन्यातलं जे वाचेल ते वाचवावं म्हटलं. त्यावरचं सात चकत्यांचं फ्रीव्हील, म्हणजे चेन फिरते तो मागचा दातेरी जुडगा, ज्याला दुकानात सगळे फ्रायव्हील म्हणतात, जेमतेम वर्षाचं होतं. तारा रिमला आवळणारे निपल गंजून बसलेले, फिरता फिरेनात. मी पक्कड घेतली आणि छत्तीसच्या छत्तीस तारा कापून टाकल्या. रिम भंगारात गेली, आणि फ्रीव्हीलसकट हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, पिशवीत घालून मी अण्णांच्या दुकानात.

अण्णांनी पिशवीत डोकावून बघितलं.

“मास्तर, तारा कुणी कापल्या?”

“मीच.”

“बरं. मग आता ह्याला धरायचं कुठं?”

प्रश्न साधा होता, आणि विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला तो आधी सुचायला हवा होता. फ्रीव्हील हबवर बाटलीच्या झाकणासारखं आट्यांवर फिरवून बसवलेलं असतं. आटे अशा दिशेचे, की पायडल मारलं की ते आणखी आवळतं. माझं वजन ७० किलो, पायडलचा दांडा १७ सेंमी. पुढची २८ दातांची आणि मागची २८ दातांची चकती लावून, उभं राहून चढ चढताना सगळं वजन एका पायावर येतं तेव्हा हबवर सुमारे ११७ न्यूटन-मीटरचा पीळ पडतो. छोट्या मोटारीच्या चाकाचे नट साधारण १०० न्यूटन-मीटरला आवळतात. म्हणजे वर्षभर प्रत्येक चढावर मी ते फ्रीव्हील मोटारीच्या नटापेक्षा जास्त घट्ट करत होतो.

काढायची रीत अशी. फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा पाना व्हाइसमध्ये उभा धरायचा, त्यावर चाक आडवं बसवायचं आणि रिम दोन्ही हातांनी एसटीच्या स्टीअरिंगसारखी फिरवायची. रिम मध्यापासून ३० सेंमीवर. प्रत्येक हाताने २० किलोचा जोर लावला की तोच ११७ चा आकडा येतो. तारा कापल्या म्हणजे मी ही ३० सेंमीची तरफच फेकून दिली. उरलेल्या हबची कड मध्यापासून फार तर ३ सेंमी. तिथून तेवढाच पीळ द्यायचा तर जोर दसपट, एकेका हाताला २०० किलो. शिवाय आट्यांत आणखी एक भानगड होती. हब अ‍ॅल्युमिनियमचा, फ्रीव्हील पोलादाचं, आणि मध्ये खाऱ्या दमटपणाचा थर, म्हणजे एक छोटी बॅटरीच. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते आणि आटे सिमेंट भरल्यासारखे बसतात. बसवताना आट्यांना ग्रीसचं एक बोट लावलं असतं तर हे टळलं असतं.

खरी गंमत नवं चाक आल्यावर कळली. त्याच्या हबवर आटेच नव्हते. उजव्या बाजूला उभ्या खाचांचा एक दंडगोल होता, आणि तो उलटा फिरवला की टिकटिक वाजत होता. जुन्या पद्धतीत ही टिकटिक करणारे खटके, दुकानातल्या भाषेत कुत्ते, चकत्यांच्या पोटात असतात. नव्या पद्धतीत ते हबमध्येच राहतात आणि वर फक्त चकत्यांचा जुडगा सरकवायचा. त्याला कॅसेट म्हणतात. एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या मापाची असते, त्यामुळे कॅसेट चुकीची बसूच शकत नाही. म्हणजे माझं फ्रीव्हील अण्णांनी काढून दिलं असतं तरी या चाकाला उपयोग शून्य.

शिमानोने ही पद्धत १९७८ साली आणली, आणि तिचा मोठा फायदा माझ्या तुटलेल्या एक्सलमध्ये दिसतो. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला असतात. तिथून चिमट्यापर्यंत एक्सलचा साडेतीन-एक सेंटिमीटरचा तुकडा निराधार. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे दंडगोलाच्या बाहेरच्या टोकाशी जातात आणि निराधार तुकडा सेंटिमीटरभर उरतो. भार तोच, पण लांबी साडेतीनपट, म्हणून एक्सलला वाकवणारा जोरही साधारण साडेतीनपट. आता भार किती ते बघा. २८ दातांच्या पुढच्या चकतीची त्रिज्या ५.७ सेंमी, पायडलचा दांडा १७ सेंमी. म्हणजे पायाच्या जोराच्या तिप्पट ओढ चेनमध्ये उतरते. सत्तर किलोच्या मास्तरांमागे २१० किलो. दर फेऱ्याला असा दोनदा हिसका, आणि एक्सल १० मिमी जाडीचा, त्यातून क्विक-रिलीजसाठी, म्हणजे पान्याशिवाय चाक काढायच्या दांडीसाठी, आतून पोकळ. माझा तुटला तोही बरोबर उजव्या कोनच्या, म्हणजे छर्रे दाबून धरणाऱ्या नटाच्या, आत, जिथे तुटायचा तिथेच.

तर आता कॅसेट घ्यायची. चाकाच्या खोक्यावर लिहिलं होतं, ८, ९ आणि १० चकत्यांसाठी. माझे हँडलवरचे गिअरचे खटके सातचे. मनात आलं, नऊची घ्यावी, दोन गिअर फुकट मिळतील. अण्णा म्हणाले, “घ्या की. आणि मग सायकल हातात धरून चाला.”

पूर्वी गिअर बदलताना सारंगीसारखं काम असे; चेन नेमकी चकतीवर येईपर्यंत दांडी अंदाजाने सरकवायची. १९८४ साली शिमानोने खटक्याचे गिअर आणले आणि सारंगीची पेटी झाली. पट्टी दाबली की सूर ठरलेला. माझ्या सातच्या खटक्यात एका टिचकीला केबल २.९ मिमी ओढली जाते, मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, तिचे १.७ पट करतो, म्हणजे चेन सुमारे ५ मिमी सरकते. सातच्या जुडग्यात दोन चकत्यांमधलं अंतर ५ मिमीच आहे. हा योगायोग नव्हे, तिन्ही आकडे एकमेकांसाठीच कापलेले. आठच्या कॅसेटमध्ये हे अंतर ४.८. सहा टिचक्यांत १.२ मिमीची चूक होते. मधली चकती नीट जुळवली तर दोन्ही टोकांना ०.६ ची कुरकुर, कशीबशी चालवून घेता येते. नऊच्या कॅसेटमध्ये अंतर ४.३५. सहा टिचक्यांत ३.९ मिमी, म्हणजे जवळपास एक अख्खी चकती चुकली. चेन दोन चकत्यांच्या मध्ये लटकत राहणार.

उपाय मात्र हास्यास्पद स्वस्त निघाला. सात चकत्यांची कॅसेट घ्यायची, आणि दंडगोल लांब पडतो म्हणून तिच्या मागे, तारांच्या बाजूला, ४.५ मिमी जाडीची एक कडी घालायची. बस्स. सर्वांत मोठी चकती जुन्याइतकीच २८ ची घेतली, म्हणजे डिरेलरची तक्रार नको. सर्वांत लहान १४ ची होती, ती आता ११ ची झाली; भाट्याच्या पुलावर वारा पाठीशी असला तर उपयोगी, एरवी शोभेला.

मी पाकीट बंद करत होतो, तेवढ्यात अण्णांनी चेनला फुटपट्टी लावली. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत अर्धा इंच, तेव्हा चोवीस घरांचे बारा इंच झाले पाहिजेत. माझी चेन बारा आणि वर एक अष्टमांश भरली, म्हणजे एक टक्का लांब. लोक म्हणतात चेन ताणली जाते. लोखंड काही रबर नव्हे. प्रत्येक पिन आपल्या घरात झिजते, शंभराहून जास्त घरांतली ती रेसभर झीज मिळून चेन लांब दिसते. आणि आपल्याकडे ती लवकर झिजते, त्याचं कारण पायाखालीच आहे. जांभ्याचा तांबडा रंग आयर्न ऑक्साइडचा. सोनार दागिन्याला शेवटची चकाकी देतात ती तांबडी पूडही आयर्न ऑक्साइडच. चेनला भरपूर तेल पाजून जांभ्याच्या रस्त्यावरून सायकल चालवली, की प्रत्येक पिनेभोवती तीच पॉलिशची लुकण तयार. त्यात किनाऱ्याची वाळू पडली की बघायलाच नको. चेन पुसून मगच तेल, तेही थेंब थेंब, आणि वरचं पुन्हा पुसून टाकायचं, असं अण्णा दहा वर्षं सांगतायत.

लांबलेली चेन नव्या चकतीवर घातली तर काय होतं? दात अर्ध्या इंचावर, चेनची घरं त्याहून किंचित दूर. मग भार सहा-सात दातांत वाटला न जाता एकाच दातावर येतो. नवी चकती काही महिन्यांत जुन्या चेनच्या मापाची होऊन बसते. याच्या उलट, नवी चेन झिजलेल्या चकतीवर घातली तर ती दातांवरून उड्या मारते, आणि हे नेमकं चढावर, उभं राहून जोर लावताना होतं. म्हणून मागच्या चकत्या आणि चेन जोडीनेच बदलायची. चेनही सात-आठ चकत्यांना चालणारी हवी. दहाची चेन बाहेरून मिलिमीटरभर अरुंद असते.

अण्णांनी सायकल छताच्या हुकाला टांगली, कॅसेट सरकवली, कडी विसरली नाही ना ते बोट घालून बघितलं आणि वरचा नट आवळला. चकत्या जुन्यापेक्षा थोड्या वेगळ्या जागी आल्या होत्या, त्यामुळे डिरेलरचे दोन बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून परत लावावे लागले. हे राहिलं तर मोठ्या चकतीपलीकडे जाऊन चेन सरळ तारांत घुसते. ते काम चालू असताना मी हळूच विचारलं, जुना हब काही करून सुटेल का? अण्णांनी तो व्हाइसमध्ये धरला, लांब पाइप घालून एकदा जोर लावला. हबची कड सोलून निघाली, फ्रीव्हील जागचं हललं नाही.

तो हब आता त्यांच्या दुकानात दाराशी खिळ्याला टांगलेला आहे. कोणी पक्कड मागायला आलं की अण्णा आधी त्याच्याकडे बोट दाखवतात.