डेटाबेसमधले अधिकार: द्यायचे, काढायचे आणि तपासायचे

डेटाबेसमध्ये कोणाला काय करता येतं हे तपासायचं म्हटलं की दोन वेगळी कामं समोर येतात. ज्याला परवानगी आहे त्याचं काम होतंय का, हे पाहणं सोपं. नाही झालं तर तो स्वतःच ओरडत येतो. ज्याला परवानगी नाही त्याचं काम अडतंय ना, हे मात्र कोणीतरी मुद्दाम पाहावं लागतं. नको ते दिसलं म्हणून तक्रार करायला कोणी येत नाही. या विषयाचा इतिहास चाळला तर हे दुसरं काम कायम मागून आलेलं दिसतं.

एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत ठेवण्याची पद्धत, मांडलं १९७० साली. त्याआधी संरक्षण होतं ते मुख्यतः फाइलच्या पातळीवर: फाइल उघडता येते किंवा येत नाही. सगळ्यांची माहिती एकाच टेबलात ठेवायची म्हटल्यावर एवढ्याने भागेना. एकाला पगाराचा कॉलम दिसू नये, दुसऱ्याला फक्त आपल्या विभागाच्या नोंदी दिसाव्यात, अशा मागण्या लगेच पुढे आल्या. बर्कली विद्यापीठाच्या इंग्रेस या डेटाबेस-प्रकल्पात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी १९७४ साली एक उपाय मांडला. वापरकर्त्याची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवण्याआधी तिला त्याच्या मर्यादेची अट गुपचूप जोडायची. कल्पना साधी आणि देखणी होती, पण मुख्य प्रवाहात यायला तिला पंचवीस वर्षं लागली.

मुख्य प्रवाह ठरला तो आयबीएमच्या सॅन होझे प्रयोगशाळेतल्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसमध्ये. पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी १९७६ साली तिथल्या परवानगी-यंत्रणेवर निबंध लिहिला. आज आपण अधिकार द्यायला ग्रँट आणि काढायला रिव्होक लिहितो त्याचं मूळ तिथे आहे. ज्याने टेबल बनवलं तो मालक. तो इतरांना अधिकार देऊ शकतो, आणि ‘तूही पुढे दे’ अशी मुभाही देऊ शकतो. मध्यवर्ती ॲडमिनची गरजच नाही. कोणी कोणाला काय दिलं याची नोंदही टेबलांतच ठेवायची.

देणं सोपं होतं, गुंता होता परत घेण्यात. ‘अ’ने ‘ब’ला दिलं, ‘ब’ने ‘क’ला, आणि ‘क’ने फिरून ‘ब’ला दिलं. आता ‘अ’ने काढून घेतलं तर ‘ब’ म्हणेल, माझ्याकडे ‘क’कडून आलेला अधिकार आहे की! ही पळवाट बंद करायला त्यांनी प्रत्येक देण्यावर वेळेचा शिक्का मारला. नियम असा, की काढून घेतल्यावर परिस्थिती जणू ते देणं कधी झालंच नव्हतं अशी व्हायला हवी. ‘क’चा अधिकार ‘ब’कडूनच आलेला, म्हणून तोही जातो आणि साखळी शेवटपर्यंत गळते.

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, रोनाल्ड फेगिन यांनी या यंत्रणेतलं छिद्र दाखवलं. मूळ पद्धतीत एका माणसाने दुसऱ्याला दिलेल्या अधिकाराची एका प्रकारची एकच नोंद राहायची. समजा, मालक ‘अ’ने ‘ब’ला ५ वाजता आणि ‘क’ला ८ वाजता अधिकार दिला. ‘ब’ने १० वाजता तो ‘ड’ला दिला. मग ‘क’नेही २० वाजता ‘ब’ला दिला, आणि ‘ब’ने ३० वाजता ‘ड’ला पुन्हा दिला. (वाजण्याचे आकडे फक्त क्रमासाठी.) हे दुसरं देणं नोंदलंच जात नाही, कारण आधीची नोंद आहे. आता ‘अ’ने ‘ब’कडून काढून घेतलं. ‘ब’कडे ‘क’चा अधिकार शिल्लक आहे, पण तो २० चा, ‘ड’ची नोंद मात्र १० ची. म्हणजे ‘ब’कडे अधिकार नसतानाच त्याने दिला असं यंत्रणेला वाटतं, आणि ३० वाजता रीतसर मिळालेला ‘ड’चा अधिकार उडतो. फेगिन यांचा उपाय होता सगळ्या नोंदी ठेवायच्या. आणि सुधारित पद्धत बरोबर आहे याची त्यांनी सिद्धताही दिली. मला यातली गंमत अशी वाटते की निष्णात लोकांनी बारकाईने मांडलेली यंत्रणा पाच-सहा पावलांच्या एका उदाहरणाने अडली. रिव्होकच्या टेस्ट लिहिणाऱ्याने आजही हे उदाहरण चालवून पाहावं.

प्रमाण ठरवणाऱ्यांची गोष्ट याहून मजेशीर. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, तिच्या १९८६ च्या पहिल्या प्रमाणात ग्रँट होतं, रिव्होक नव्हतंच! बाजारातल्या उत्पादनांनी ते आपापल्या परीने दिलं होतं, पण प्रमाणात ते आलं १९९२ साली, सोबत रिस्ट्रिक्ट आणि कॅस्केड हे दोन पर्याय घेऊन: पुढे कोणाला दिलेलं असेल तर काढायला नकार द्यायचा, की साखळीसकट काढायचं. रोल, म्हणजे एका नावाखाली बांधलेले अधिकारांचे गठ्ठे, प्रमाणात यायला १९९९ उजाडलं, जरी ओरॅकलने ते आपल्या सातव्या आवृत्तीत १९९२ मध्येच आणले होते.

प्रमाण असलं तरी सगळे ते सारखंच पाळतात असं नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये काढून घेणं साखळीने पुढे जात नाही. ‘ब’चा अधिकार काढला तरी ‘ब’ने पुढे दिलेले तसेच राहतात. टेबल ड्रॉप केलं, म्हणजे काढून टाकलं, तरी त्यावरचे अधिकार आपोआप पुसले जात नाहीत, म्हणून त्याच नावाचं नवं टेबल बनवलं की जुने हक्कदार पुन्हा हजर. आणखी एक जुनं दुखणं म्हणजे निनावी खातं. मायएसक्यूएल वापरकर्ता ओळखताना नावाबरोबर कुठून आला तेही पाहतं, आणि जास्त नेमकी जागा सांगणारी नोंद आधी तपासतं. त्यामुळे ‘कुठूनही’ येऊ शकणारा, नाव असलेला माणूस सर्व्हरच्याच मशीनवरून आला की लोकलहोस्टच्या (म्हणजे त्याच मशीनच्या) निनावी नोंदीशी आधी जुळायचा, आणि आपले अधिकार कुठे गेले म्हणून चक्रावायचा. मी कोण म्हणून आलो आणि सर्व्हरने मला कोण मानलं, हे सांगणारी दोन वेगळी फंक्शनं, यूजर आणि करंट यूजर, तिथे आहेत. परवानगीची कुठलीही टेस्ट लिहिताना पहिली ओळ हीच असावी असं माझं मत आहे. ५.७ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये निनावी खाती बनणं बंद झालं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र २०१२ चं. मायएसक्यूएल आणि त्यातूनच निघालेल्या मारियाडीबीमध्ये पासवर्ड तपासताना बाइटच्या दोन ओळींची तुलना होते. तुलना करणारं फंक्शन सारखं असेल तर शून्य देतं, नाहीतर दुसरा कुठलातरी आकडा. तो आकडा एका बाइटच्या जागेत कोंबला होता. काही मशीनवरच्या लायब्ररीत हे फंक्शन मोठे आकडे परत करायचं, आणि आकडा २५६ च्या पटीत आला की खालचा बाइट शून्य. म्हणजे ‘पासवर्ड बरोबर’. साधारण २५६ पैकी एका प्रयत्नात कुठलाही चुकीचा पासवर्ड चालून जायचा, रूट या मुख्य खात्यालासुद्धा. तीनेकशे वेळा प्रयत्न करायचा, बस्स. आता टेस्टच्या बाजूने बघा. चुकीचा पासवर्ड देऊन नकार मिळतो का, ही टेस्ट कोणीही लिहील. पण एकदाच चालवलेली ही टेस्ट बाधित मशीनवरही २५६ पैकी २५५ वेळा हिरवी, म्हणजे पास, दाखवणार, आणि दुसऱ्या लायब्ररीवर बांधलेल्या सर्व्हरवर तर कायमच.

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सोर्ससोबत (मूळ कोडसोबत) येणारी परवानग्यांची टेस्ट-फाइल या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तिच्यात आधी काही खोटे वापरकर्ते बनवले जातात, मग सेशन एकेकाच्या नावावर वळवून क्वेरी चालवल्या जातात. कित्येक ओळींपुढे ‘ओके’ किंवा ‘फेल’ अशी टीप असते, आणि परवानगी नाकारल्याचा संदेश अपेक्षित उत्तरांच्या फाइलमध्ये शब्दशः लिहिलेला असतो. त्याच फाइलमध्ये ‘लीक’ नावाचं एक फंक्शन आहे. क्वेरी कशी चालवायची हे ठरवताना प्लॅनर टेबलातल्या नमुना किमती बघतो. वापरकर्त्याने स्वतः बनवलेला ऑपरेटर त्या किमतींवर चालवला गेला, तर जे टेबल त्याला वाचता येत नाही त्यातल्या किमती त्याच्या हाती लागतात. सिलेक्टला, म्हणजे वाचायला, ‘नाही’ म्हटलं, पण माहिती मागच्या दाराने गेली. हे छिद्र २०१७ मध्ये बुजवलं गेलं.

दरम्यान वेबच्या लाटेने या सगळ्या बारकाव्यांवर बोळा फिरवला होता. हजारो लोक एका ॲपमधून येणार, ॲप डेटाबेसशी एकाच खात्याने बोलणार, आणि ते खातं बहुधा सर्वाधिकारी. कोण काय पाहू शकतो याचा हिशेब ॲपच्या कोडमध्ये गेला, त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शन करणाऱ्याला, म्हणजे ॲपमध्ये भरायच्या मजकुरातून आपली क्वेरी घुसवणाऱ्याला, एकदा आत शिरलं की सगळं मोकळं रान. निष्काळजीपणाचा कळस म्हणजे २००२ चा स्पायडा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम: मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या ‘एसए’ या मुख्य खात्याला पासवर्डच नसलेली मशीन शोधत तो पसरला. इथे कुठलीही अधिकार-यंत्रणा काय करणार?

मग इंग्रेसची जुनी कल्पना परतली. ओरॅकलने १९९९ मध्ये ८आय आवृत्तीत प्रत्येक क्वेरीला आपोआप अट जोडण्याची सोय दिली. पोस्टग्रेसमध्ये ओळीच्या पातळीवरची सुरक्षा ९.५ आवृत्तीसोबत २०१६ च्या जानेवारीत आली. तपासणाऱ्याचं काम यामुळे अवघड झालं. पूर्वी परवानगी नसली की एरर यायची. आता नुसत्या ओळी कमी येतात. म्हणून एरर आली का हे बघून भागत नाही, कोणत्या आणि किती ओळी याव्यात हे आधी ठरवावं लागतं. त्यात टेबलाचा मालक आणि सुपरयूजर (सर्वाधिकारी खातं) या नियमांतून, म्हणजे पॉलिसींतून, सुटतात. मालकाला ते सक्तीने लावता येतात, सुपरयूजरला मुळीच नाही. ज्या खात्याने टेबलं बनवली त्याच खात्याने टेस्ट चालवली, तर अशी सक्ती नसेल तोवर पॉलिसी असो वा नसो, निकाल एकच.

गुपचूप कमी ओळी मिळण्याचा धोका पोस्टग्रेस बनवणाऱ्यांनीही ओळखला होता. त्यांचं बॅकअप घेणारं साधन, पीजी-डंप, सुरुवातीलाच रो-सिक्युरिटीची सेटिंग बंद करतं. या सेटिंगने पॉलिसी टळत नाही. एखादी जरी पॉलिसी क्वेरीला लागू होणार असेल, तरी क्वेरी एरर देऊन थांबते आणि अर्धवट बॅकअप तयार होत नाही.