ई-रिक्षा मागून आली तरी कळत काहून नाही?

दिवाळीच्या आधी आईसोबत नागपूरच्या इतवारीत गेलो होतो, किराणा ओळीत. ती पिशवी धरून कडेकडेनं चालत होती आणि मागून एक ई-रिक्षा एकदम त्या पिशवीला घासून गेली, चाक पायापासून वीतभर. "अरे, आवाजच नाही आला रे," हे ती घरी येईपर्यंत म्हणत राहिली. तिचे कान चांगले आहेत. मलाही आधी रिक्षावाल्याचाच राग आला, पण मग वाचत गेलो तर लक्षात आलं की यात फिजिक्स बरंच आहे.

चालत्या गाडीचा आवाज मुख्यतः दोन जागांवरून येतो, इंजिन आणि टायर. स्पीड वाढला की टायरचा आवाज झपाट्यानं वाढतो, साधारण ३०-४० किमीच्या पुढे कारमध्ये तोच मुख्य असतो, म्हणून वर्धा रोडवर इलेक्ट्रिक कार पेट्रोलच्या कारइतकीच ऐकू येते. खरा घोळ २० किमीच्या खाली आहे. तिथं टायर जवळजवळ गप्प, आणि इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही. ई-रिक्षाला नियमानं ताशी २५ किमीची मर्यादा आहे, म्हणजे ती बहुतेक वेळ याच शांत पट्ट्यात फिरते, आणि तेही मस्कासाथसारख्या गल्ल्यांत जिथं माणूस आणि गाडी एकाच रस्त्यावर चालतात. २० च्या स्पीडनं गाडी सेकंदाला साडेपाच मीटर येते. पाच मीटरवर आल्यावर ऐकू आली तर हातात एक सेकंदही नाही, तेवढ्यात मान वळवायची, समजायचं आणि बाजूला व्हायचं!

रस्त्याचंही आहे. टायरच्या खाचांत हवा दाबली जाते आणि फसफसून सुटते, शिवाय रबराचे ठोकळे रस्त्यावर आपटत जातात. छिद्रं असलेल्या डांबरात ती हवा आत शिरते म्हणून रस्ता शांत होतो, आडव्या रेघा मारलेलं सिमेंट उलट गुणगुणतं. गट्टूंवरून, म्हणजे पेव्हर ब्लॉकवरून, गाडी खडखड करते, हळू असली तरी. म्हणजे एकच रिक्षा गट्टूंवर ऐकू येईल आणि गुळगुळीत सिमेंटवर आली की गायब.

त्यात आपले कान दिशा कशी ओळखतात ते पहा. आवाज एका कानाला आधी पोचतो, दुसऱ्याला जरा उशिरा, हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या पाऊण हिश्श्याएवढा असतो आणि तेवढ्यावर मेंदू डावं-उजवं ठरवतो. पण बरोबर मागे असलेल्या गाडीचा आवाज दोन्ही कानांना एकदमच येतो, मग पुढून की मागून हे कानाची पाळी वरच्या पट्टीचा आवाज कसा बदलते त्यावरून समजतं. आणि वयानं ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्याच पट्टीचं. आईच्या वयाच्या माणसांचं काय होत असेल, आणि दृष्टिहीन माणूस तर रस्ता कानांनीच ओलांडतो.

यावर उपाय आहे. जपाननं २०१० मध्ये मार्गदर्शक नियम काढले, युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नवीन इलेक्ट्रिक कारला हळू चालताना मुद्दाम आवाज करावा लागतो, १० किमीला किमान ५० डेसिबल आणि २० किमीला ५६, दोन मीटरवरून मोजलेला. स्पीड बदलला की सूरही बदलतो, त्यामुळे गाडी वेग घेऊन राहिली की थांबून राहिली ते कळतं. भोंगा नाही, घरघर.

पण मला खरं म्हणायचं आहे ते हे, की आवाज किती मोठा आहे यापेक्षा आजूबाजूला किती गोंगाट आहे त्यावर सगळं ठरतं. आपल्या नियमात बाजारपेठेची दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे, आणि व्हेरायटी चौकात हॉर्न वाजून राहिले असताना कोणी ती पाळतं असं मला वाटत नाही. त्यात ५६ चा आवाज बुडणारच. हॉर्न "मी आहे" एवढंच सांगतो, कुठून आणि किती वेगानं हे नाही, आणि जे सांगणारे बारीक आवाज आहेत तेच तो गिळून टाकतो. म्हणून गाड्यांचा आवाज वाढवत बसण्यापेक्षा हॉर्न कमी करणं मला जास्त कामाचं वाटतं.

भारतात २०२५ मध्ये अशा आवाजाच्या नियमाचा मसुदा निघाला. तो कार, बस आणि मालवाहू गाड्यांसाठी आहे. आईच्या पिशवीला घासून गेलेली रिक्षा त्यात येत नाही, आणि माझ्या मते सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी होती.