पार्श्वभूमी: खान्देशातले साऊंडवाले आणि त्यांचे उस्ताद

खान्देशात कुठल्याही साऊंडवाल्याला काम कुठे शिकलात असं विचारलं की उत्तरात माणसाचं नाव येतं. अमुक नानांकडे चार हंगाम काढले, तमुक भाऊंच्या गाडीवर होतो. आता तरुण ऑपरेटर मोठा कार्यक्रम उरकला की उस्तादासोबतचा फोटो स्टेटसला लावतात आणि चोपड्यापासून साक्रीपर्यंतचे सहकारी त्याला हात जोडतात. हा आदर कशातून आला, ते थोडं मागे जाऊन पाहायला हवं.

फार मागे मात्र नको. ग्रामीण भागात भरलेलं काँग्रेसचं पहिलं राष्ट्रीय अधिवेशन १९३६ साली आपल्याच फैजपूरला झालं, तिथपासून गोष्ट सुरू करायचा मोह होतो. पण सभेचा माईक आणि पोटापाण्याचा धंदा या वेगळ्या वस्तू. धंदा आला तो लग्नाच्या मांडवातून: झाडाला बांधलेले दोन भोंगे, एक अहुजाचं मशीन (म्हणजे ॲम्प्लिफायर), बॅटरी आणि रेकॉर्डची पेटी. हे सगळ्यांनी पाहिलंय किंवा घरच्यांकडून ऐकलंय.

खरी शाळा तमाशाच्या फडाची. दसऱ्याला हंगाम सुरू झाला की सारंगखेड्याची दत्तजयंती आणि मग चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा. स्टेजच्या पुढच्या कडेला दोन-तीन माईक उभे, मागे ढोलकी, हलगी, पेटी. बाई गाताना माईकच्या अगदी जवळ, सोंगाड्या मात्र सगळ्या स्टेजभर फिरणारा. चेल्याला पहिले काही महिने मशीनला हात लावायची परवानगी नसे. त्याने भोंगे चढवायचे, आणि तेही माईकच्या रेषेच्या पुढे, तोंड गर्दीकडे. नाहीतर माईक शिट्टी मारणार. मग शेवटच्या रांगेमागे जाऊन उभं राहायचं, हाताने खूण करायची. "भो, आवाज फुटी राह्यना" (भाऊ, आवाज फुटतोय) हे ओरडून सांगायची हिंमत ज्याला आली, तो शिकायला लागला असं समजत.

दुसरा धडा विजेचा. जनरेटर सुरू झाला की उस्ताद आधी टेस्ट लॅम्प लावून न्यूट्रल बघणार. थ्री-फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर २३०च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो आणि हंगामाची कमाई धुरात जाते. बेसचे बॉक्स जोडल्यावर पेन्सिल सेल वायरीला टेकवून प्रत्येक स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) बाहेर येतो की आत जातो हे पाहायचं. एक जरी उलटा लागला तरी बेस एकमेकांना खाऊन टाकतात. शिकवणाऱ्याने हे कागदावर लिहून दिलं नाही, कारण वेळ होता. गण, गौळण, बतावणी, मग पहाटेपर्यंत वग. त्या लांबलचक रात्रीत मध्यरात्रीनंतर उस्ताद मशीन चेल्याच्या हाती देऊन जरा पाठ टेकायचा.

इथे दहाचा नियम येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद केला. २००२ साली दुरुस्ती झाली आणि सण-उत्सवांसाठी वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२पर्यंत सूट देता येऊ लागली. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं उचलून धरलं. जागेच्या हद्दीवर आवाज आजूबाजूच्या पातळीपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी ते चालेल. नियमाचं कारण खोटं नव्हतं. बॉक्सवर बॉक्स चढवण्याची चुरस लागली होती, दवाखान्यासमोरूनही वराती तशाच जात होत्या, आणि ज्येष्ठ साऊंडवाले स्वतःच त्यावर चिडत.

पण १५ दिवसांचा हिशेब शहरातल्या उत्सवांकडे बघून झालेला दिसतो. सवलतीच्या दिवसांची जिल्ह्याची यादी निघते ती गणपती, नवरात्र, जयंत्या, ३१ डिसेंबर अशी भरत जाते. खान्देशात प्रत्येक गावच्या जत्रेची तिथी वेगळी. अमळनेरचा वैशाखी रथ एका दिवशी, पलीकडच्या गावचा देव दुसऱ्या. सगळ्यांना पुरतील इतके दिवस यादीत बसणारच नाहीत. परिणाम असा की तमाशा संध्याकाळी घाईत उभा राहिला, वग कापला गेला, आणि चेल्याला मशीन मिळायचे ते मधल्या रात्रीचे तास बुडाले. डेसिबल मोजणाऱ्यांच्या हिशेबात हे कधी आलं नाही. पुढे २०१८च्या गणेशोत्सवात डीजेवरची बंदी उठवायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला, तेव्हा चर्चा फक्त मिरवणुकीची झाली. बॉक्स लावून गाणी वाजवणारा आणि वीस वाद्यांचा आवाज जुळवणारा, दोघांनाही एकाच पंक्तीत बसवलं गेलं. त्याचा राग या धंद्यात अजून आहे आणि तो रास्त आहे.

त्यानंतरचं सामान झपाट्याने आलं. लाईन ॲरे (एकाखाली एक टांगलेले स्पीकर), डिजिटल मिक्सर, टॅबवर चालणारं कंट्रोल. शिकायला आता मोबाईलवर व्हिडिओही आहेत आणि मुलं त्यातून भराभर पुढे जातात. तरी भुसावळच्या मे महिन्यात ४५ अंशांवर ॲम्प्लिफायर तापून स्वतःच बंद पडतो, तेव्हा त्याचा रॅक सावलीत आणि वारा खेळेल असा ठेवायची अक्कल जुन्याच माणसाकडची. उन्हात आवाजही जलद धावतो: ४५ अंशांना सेकंदाला ३५९ मीटरच्या आसपास, धुळ्याच्या १० अंशांच्या थंडीत ३३७. मैदानात ५० मीटरवर लावलेल्या मागच्या स्पीकरचा डिले (आवाज जितका उशिरा सोडायचा तो वेळ) त्यामुळे ९ मिलिसेकंदांनी हलतो. सॉफ्टवेअर ते आकड्यात सांगतं, कित्येक उस्ताद कानाने धरतात.

सहकाऱ्यांचं कौतुकही याच गरजेतून वाढलं. मोठ्या सुपारीचं, म्हणजे ठरलेल्या मोठ्या कार्यक्रमाचं, सगळं सामान एकट्याकडे क्वचितच असतं. एकाचे टॉप (वरचे स्पीकर), दुसऱ्याचे बेस, तिसऱ्याचा जनरेटर, आणि मिक्सरवर ज्याच्या कानावर तिघांचा भरवसा आहे तो. हा चौथा माणूस कोण असावा यावर वाद होत नाहीत. तो बहुतेक वेळा तिघांपैकी कुणाच्या तरी उस्तादाच्या हाताखालून आलेला असतो. पैशांची वाटणी टेम्पो भरायच्या आधी, स्टेजच्या मागेच होते.