दोनास तीन: वाट्याच्या हिशोबामागची गोष्ट

सातवीच्या मुलांना भागीदारीचं उदाहरण घातलं की एक चूक हमखास होते. दोघांनी रंकाळ्याजवळ उसाच्या रसाचा गाडा टाकला. एकानं २०,००० घातले, दुसऱ्यानं ३०,०००. हंगामात नफा झाला १५,०००. भांडवलाचं गुणोत्तर २:३. मूल त्या २:३ चं थेट दोन तृतीयांश करतं आणि पहिल्याच्या पदरात १०,००० टाकून मोकळं होतं. ज्यानं कमी घातले, त्यालाच जास्त नफा! फळ्यावर मांडून दाखवलं की वर्ग खो खो हसतो, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा.

शिकवणी घेता घेता माझं मत असं झालंय की या चुकीचं मूळ गणितात कमी आणि आपल्या बोलण्यात जास्त आहे. मराठीतला अपूर्णांक हा कायम अख्ख्याचा तुकडा असतो. पाव म्हणजे मूळचा पाद, चार पायांपैकी एक. पाऊण म्हणजे पादोन, एका पायानं कमी. सव्वा म्हणजे सपाद, पायासकट. अडीचच्या पोटात ‘अर्धतृतीय’ आहे: दोन पुरे, तिसरा अर्धा. साडेतीनला जुना शब्द औट, तो ‘अर्धचतुर्थ’वरून आला: तीन पुरे, चौथा अर्धा. कोल्हापुरात साडेतीन वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अंबाबाई, तुळजाभवानी आणि माहूरची रेणुका ही तीन पूर्ण पीठं, वणीची सप्तशृंगी अर्धं.

लिहायची रीतही तशीच होती. पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. ३॥ असं लिहिलं की साडेतीन. जुन्या पुस्तकांच्या किमती अशाच छापलेल्या दिसतात. पाठांतराला अपूर्णांकांचे पाढे: पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा शाळेत आलेल्या पोरांचा रुपया सोळा आण्यांचा होता, आणा चार पैशांचा, पैसा तीन पैंचा. बाजारात दीड आण्याची वस्तू सात घेतल्या तर किती, हे दिडकी पाठ असलेलं पोर पाटी न घेता सांगायचं: साडेदहा आणे.

पण वाटणी ही वेगळी विद्या. तिचा उगम शोधायला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’पर्यंत मागं जायला हरकत नाही. ग्रंथ साधारण ११५० सालचा. त्यात तीन व्यापारी आहेत. त्यांची भांडवलं ५१, ६८ आणि ८५. एकत्र धंदा करून एकूण रक्कम ३०० झाली, तर प्रत्येकाला किती? नियमाचं नाव प्रक्षेप, म्हणजे प्रत्येकानं धंद्यात टाकलेली रक्कम. आधी टाकलेल्या रकमांची बेरीज करा: २०४. मग प्रत्येकाची रक्कम ३०० नं गुणून २०४ नं भागा. उत्तरं येतात ७५, १०० आणि १२५. पाठ्यपुस्तकातली आजची पद्धत याहून तसूभर वेगळी नाही, आणि मुलं नेमकी जी पायरी गाळतात ती बेरजेची पायरी (रसाच्या गाड्यात दोन आणि तीन, पाच) भास्कराचार्यांच्या नियमातच बसलेली आहे. त्याच्याही मुळाशी त्रैराशिक आहे. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशींवरून चौथी काढायची रीत आर्यभटानं ४९९ च्या सुमारास सांगून ठेवली होती.

(त्याच ‘लीलावती’त एक कंजूष माणूसही भेटतो. याचकाला तो द्रम्म या जुन्या नाण्याच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या पाऊणाच्या पाचव्या हिश्श्याच्या सोळाव्या हिश्श्याचा पाव देतो. सगळं गुणलं की एका द्रम्माचा १२८० वा भाग, म्हणजे एक कवडी. अपूर्णांक इतक्या खुसखुशीतपणे कुणी शिकवल्याचं मला तरी आठवत नाही.)

गंमत अशी की वाट्याशी वाटा ताडून बघायची रीत आपल्या घरात आहेच. उन्हाळ्यात डंकावर चटणी कुटायला न्यायच्या आधी घरोघरी हिशोब होतो: किलो मिरचीला पावशेर खोबरं. घराघरांत प्रमाण बदलतं, पण बोलायची धाटणी हीच. खोबरं सगळ्या चटणीचा कितवा भाग, असं कुणी विचारत नाही. मिरची‘ला’ खोबरं किती, एवढंच. पुस्तकातलं ‘दोनास तीन’ हे त्याच ‘ला’चं जुनं रूप. (शेर जाऊन साठ वर्षं झाली, तरी पावशेर राहिला. आता तो किलोचा पाव आहे.)

दोन्ही रीती एकाच वेळी बघायच्या असतील तर गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात जावं. बावीस कॅरेट म्हणजे २४ पैकी २२ भाग सोनं, म्हणजे बारातले अकरा; म्हणून दागिन्यावर ९१६ चा शिक्का. पण सोन्यास हीण किती, तर अकरास एक. ११:१ आणि ११/१२, वस्तू एकच, आकडे दोन. जुना तोळा बारा माशांचा, म्हणून हे बोटावर मोजता यायचं: अकरा मासे सोनं, एक मासा हीण. माशाचे आठ गुंज, म्हणजे तोळ्याचे ९६.

९६ गुंज, १९२ पै. हे आकडे वेडेवाकडे वाटतात, पण वाटणीला मोठे सोयीचे. दोन, तीन, चार, सहा, आठ, कशानंही भागा, बाकी राहत नाही. जुन्या सातबाऱ्यावर तिघा भावांच्या नावापुढं ०-५-४ असा हिस्सा लिहिलेला असतो. पाच आणे चार पै, म्हणजे ६४ पै, रुपयाचा बरोबर तिसरा भाग. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. बेरीज-वजाबाकी सोपी झाली, दिडकी-औटकी हळूहळू शाळेतून गेल्या, पण तिघांत शंभर वाटले की एक पैसा उरायला लागला. तोळाही दहा ग्रॅमचा झाला, त्याचा तिसरा भाग काट्यावर नेमका कधीच बसत नाही. पिकाच्या सरकारी अंदाजाला कागदोपत्री पैसेवारी म्हणतात. गावात मात्र अजून आणेवारीच.

जमीन तेवढी जुन्या मापानं बोलते. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, चौकोनी असेल तर ३३ फूट बाय ३३ फूट. तिघांत वाटायचा तर ११ फुटांच्या तीन पट्ट्या, दोरी कुठं धरायची यावर वाद नाही. रसाच्या गाड्याचं उदाहरण घालायच्या आधी हल्ली मी फळ्यावर हा गुंठा काढतो आणि विचारतो, थोरल्याला आणि धाकट्याला दोनास एक वाटायचा, तर कसा? अजून एकाही पोरानं दोन पट्ट्या आखलेल्या नाहीत. सगळे आधी तीन आखतात.